'फूल' बरोबर, 'फूलाला' चूक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात दुसरीत आहे. दर सोमवारी तिच्या वर्गात फळ्यावर दहा शब्द लिहून देतात. ते प्रत्येकी दहा वेळा लिहून आणायचे आणि शनिवारी श्रुतलेखन. परवा ती दुरेघी वहीत 'फूल' लिहायला बसली. आधी दहा ओळींवर खाली खाली नुसता फ. मग सगळ्यांना उकार. मग दहा ल. पान भरले, पण 'फूल' हा शब्द तिने एकदाही तोंडाने म्हटला नाही. एकतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवले. ही युक्ती मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. दहादा लिहायला लावले की ती सापडतेच.

शनिवारी तिला दहापैकी दहा गुण मिळाले. पुढच्या आठवड्यात 'माझी बाग' या पाच ओळींत तिने लिहिले, 'मी फूलाला पाणी घातले.' त्याभोवती लाल गोल. "आजी, फूल तर बरोबर आलं होतं ना गं?" विचारताना तिचे डोळे भरून आले. राहवले नाही म्हणून हे पत्र.

पोरीने शिकवले तसेच लिहिले. 'फूल'मधला दुसरा उकार प्रत्यय लागला की पहिला होतो. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांत हे आहेच. पण सात वर्षांच्या मुलाला नियम सांगून उपयोग नाही, तो त्याच्या कानावर पडायला हवा. मी जोड्या देत असे: मूल-मुलाला, चूल-चुलीवर, वीट-विटेवर, खीर-खिरीत. 'मूल' म्हणताना मुले मांजा ओढावा तसा हात लांबवर न्यायची, 'मुलाला' म्हणताना चटकन आखडून घ्यायची. सगळा वर्ग उभा राहून हे करायचा. आठवडाभरात उकार चुकणारी मुले बोटावर मोजण्याइतकी उरायची. 'शरीर-शरीराला'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे वागतात. ते वरच्या वर्गात बघता येतील, दुसरीच्या यादीत नकोत.

आणि घरी 'पानी', 'लोनी' बोलणाऱ्या मुलाला वर्गात कोणी हसणार नाही, एवढे कृपा करून बघा. ती त्याच्या आईची भाषा आहे. पाणी, लोणी, गाणी, कणीस एकाच आठवड्यात द्या, ण हाताला आपोआप वळण लावतो. नातीच्या यादीत 'पाणी'खाली 'मंदिर' आणि त्याखाली 'विमान' आहे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

शिक्षकांच्या डोक्यावर किती कामे असतात हे मी भोगले आहे. वाढीव काही मागत नाही, उलट दहाऐवजी सहाच शब्द द्या. 'फूल'च्या शेजारी 'फुलाला' लिहा, आणि शनिवारी सुट्या शब्दांऐवजी दोन छोटी वाक्ये सांगा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड