गाळ किती आणि पाणी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई बंदराच्या चॅनेलमधून, म्हणजे जहाजांच्या वाटेतून, अमुक लाख घनमीटर गाळ काढला, अशा बातम्या अधूनमधून येतात. सर्वेक्षणाच्या लाँचवर मी २६ वर्षे काढली, म्हणून विचारतो: त्या घनमीटरांत माती किती होती?

पावसाळ्यानंतर तळाशी साचणारा रेंदा बरणीत ओतला तर आंबिलीसारखा वाहतो. घनमीटरला १.२ टन भरणारा रेंदा घ्या. घनमीटरला समुद्राचे पाणी १.०२५ टन आणि मातीचा कण २.६५ टन धरला, तर हजार लिटरांत माती जेमतेम १०८ लिटर निघते. बाकी सगळे पाणी! प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या एको साउंडरला हे कळत नाही. उच्च फ्रीक्वेन्सीच्या ध्वनीची रेघ रेंद्याच्या माथ्यावरच थांबते, कमी फ्रीक्वेन्सीची आत शिरते. खरी खोली कोणती, यावर ठेकेदाराची माणसे आणि आम्ही तासन्‌तास भांडायचो. नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून उत्तर मिळे ते दुसऱ्या दिवशी, आणि तोवर नमुन्याच्या नळीतले बरेच पाणी निथळून गेलेले असे.

गॅमा घनतामापक जागच्या जागी सांगतो. दोन दांड्यांचा चिमटाच तो. एका दांडीत सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ, दुसरीत किरण मोजणारा स्फटिक. मधला चिखल जितका घट्ट, तितके किरण कमी पोहोचतात. तळाशी टेकून तो रेंद्यात रुतू लागला की किरणांचा आकडा भराभर उतरायचा; पाणी कुठे संपले आणि गाळ कुठे धरला, ते डोळ्यांसमोर दिसे. रॉटरडॅमला १.२ टनांची पातळी हाच जहाजांसाठी तळ मानतात, वरचा पातळ रेंदा उपसत बसत नाहीत.

एका तांडेलाने मला विचारले होते, "साहेब, ह्यानं म्हावरं मरंल का?" त्याची भीती रास्त होती. सीझियम पोलादी कुपीत पक्के बंद असते, पाण्यात काही मिसळत नाही. कुपी समुद्रात हरवली तर मात्र प्रकरण गंभीर. म्हणून आम्ही दोरीला जोडदोर बांधत असू आणि छातीवर किरणमापक बिल्ला लावल्याशिवाय डेकवर येत नसू. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर स्कँडियम-४६ हा किरणोत्सर्गी पदार्थ खूण म्हणून वापरून, उपसून टाकलेला गाळ कुठे वाहत जातो, तेही याच बंदरात तपासले आहे.

एवढे ज्ञान घरात असताना गाळाचे पैसे अजून घनमीटरावर का मोजायचे? आकड्याशेजारी घनता जाहीर करा, आणि बिल कोरड्या मातीच्या टनांवर काढा.

– एक निवृत्त सर्वेक्षण सहायक, उरण