अँटिबायोटिक चालू असेल तर ‘ती’ गोळी विचारूनच घ्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. मी इंदूरला रामबागेजवळ एका मेडिकलवर काउंटरला असतो. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टडालाफिल, हवी असलेला माणूस आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघतो, मग हळूच म्हणतो, भिया ती वाली द्या. चिठ्ठी मागितली की पुढच्या दुकानात जातो. हे शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे पण लाजेपायी डॉक्टरकडे कोणी जातच नाही.

आणि खरी काळजी इथेच आहे. पोटात एच पायलोरी नावाचा अल्सर करणारा जंतू निघाला की जे गोळ्यांचं किट देतात त्यात बरेचदा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असतं. ते आणि एरिथ्रोमायसिन लिव्हरमधल्या एका एन्झाइमला अडवतात आणि सिल्डेनाफिलचा निचरा मुख्यतः तेच एन्झाइम करतं, म्हणजे गोळी घेतली 50 ची पण रक्तात साचते कितीतरी जास्त. एरिथ्रोमायसिन 500 एमजी रोज 2 वेळा 5 दिवस दिलं तेव्हा सिल्डेनाफिलचं प्रमाण 182 टक्क्यांनी वाढलेलं दिसलंय, जवळजवळ तिप्पट! अशा वेळी डॉक्टर 25 वरूनच सुरू करतात. लघवीच्या इन्फेक्शनला देतात त्या सिप्रोफ्लॉक्सासिननेही ते वाढतं. मग बीपी उतरतं, चक्कर येते, डोकं ठणकतं.

टीबीच्या रिफॅम्पिसिनचं उलटं, त्याने टडालाफिल 88 टक्के कमी होते, आणि गोळी लागू पडत नाही म्हणून लोकं मनानेच डबल घेतात.

सगळ्याच अँटिबायोटिकचं असं नाही हो, अझिथ्रोमायसिनने सिल्डेनाफिलला फरक पडत नाही. म्हणून घाबरून अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका, तेवढे दिवस ती गोळी बाजूला ठेवा आणि डॉक्टरला विचारा.

डॉक्टर मंडळींनाही हात जोडून विनंती आहे, बायको आणि सून शेजारी उभी असताना ‘अजून काय घेता’ विचारलं तर साठीचा माणूस ‘काही नाही’ असंच म्हणणार, त्याला दोन मिनिटं एकट्याला विचारा ना.

आणि ती गोळी घेतल्यावर छातीत दुखायला लागलं तर घरच्यांनी सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळी जिभेखाली अजिबात ठेवू नये, दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळतं. सरळ एमवायला (इथलं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या दवाखान्यात न्या आणि कुठली गोळी, किती वाजता घेतली, हे तिथे सगळ्यात आधी सांगा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर