टपावरचं कॅरिअर उतरवताना

टिळकवाडी, बेळगाव
२० मे

प्रिय दत्ता,

तुझा निरोप मिळाला. कॅरिअर काढायचंच ठरवलंयस तर काढ, माझी ना नाही. खानापूरहून बेळगावला येईपर्यंत डोक्यावर वाऱ्याची शिट्टी ऐकायची, आणि टपावर तर वर्षातून एकदा सौंदत्तीला जाताना काय ते सामान चढतंय. मग ते लोढणं कशाला? पण "चार बोल्ट तर आहेत, गॅरेजात अर्ध्या तासात उपटून घेतो" असं जे म्हटलंयस, तेवढं मागं घे.

बोल्ट मोडला तर दुसरा मिळतो. तो ज्यात बसलाय ती चाकी मात्र टपाच्या पत्र्यात भोक पाडून दाबून बसवलेली असते. तिला रिव्हनट म्हणतात. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, आणि त्याला नुसती चिमटीत धरून ती चाकी बसलेली असते. एकदा ती सुटून जागच्या जागी गरगरा फिरायला लागली की बोल्ट आतही जात नाही, बाहेरही येत नाही. काही गाड्यांत चाकी वेल्ड केलेली असते, पण वरून बघून ते कळत नाही. म्हणून रिव्हनटच आहे असं धरून चाल. सगळी सबुरी त्या न दिसणाऱ्या चाकीसाठी आहे.

आधी तुझ्या गाडीला कोणत्या तऱ्हेचं बसवलंय ते बघ. टपाच्या दोन्ही कडांनी जो लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, ती काढल्यावर खाली बोल्टचं डोकं दिसलं तर सगळं काम वरूनच होणार. बोल्ट कुठंच दिसत नसेल तर दोन शक्यता. एक, दांड्यालाच खाली आट्यांचे खुंट आहेत आणि चाक्या आतून, छताच्या अस्तराच्या वर आवळलेल्या आहेत. दुसरी, दांडा नुसता शोभेचा, चिकटपट्टीनं आणि क्लिपांनी बसवलेला. शोभेचा असेल तर पाने बाजूला ठेव, नायलॉनचा मासेमारीचा दोरा पट्टीखालून करवतीसारखा ओढत न्यायचा, झालं काम. आतून चाक्या असतील तर मात्र हात लावू नकोस. अस्तर उतरवायचं म्हणजे खांबांवरचं प्लास्टिक, हँडल, सन व्हायझर, दिवा सगळं सोडवावं लागतं, आणि गाडीला बाजूच्या काचांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर त्या नेमक्या त्याच कडेनं घडी करून ठेवलेल्या असतात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून दहा मिनिटं थांबल्याशिवाय तिथं कुणी पाना घालू नये. अस्तर एकट्यानं ओढलं की मधोमध घडी पडते आणि ती घडी जन्मभर दिसते. ते काम रोज अस्तरं उतरवणाऱ्याकडं दे.

पुढचं सगळं वरून बोल्ट असलेल्या गाडीसाठी. तुझी त्यातलीच असावी असं वाटतंय.

उन्हात तापलेला टप आणि पहाटेचा गार टप, दोन्ही नकोत. सकाळी नऊ-दहाची वेळ बरी. प्लास्टिक तेव्हा थोडं मऊ असतं, टोपीचे दात कटकन मोडत नाहीत. आधी टप धू. तुमच्याकडची तांबडी माती दांड्याच्या कडेला बसलेली असते, ती न धुता काम केलंस तर तीच पॉलिश पेपरासारखी रंग घासते. मग प्रत्येक पायाच्या भोवती मास्किंग टेपचे दोन थर दे. आडव्या पट्ट्या असतील तर त्या आधी सोडव. टोपी काढायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड चालतं. बहुतेक टोप्या एका टोकाला हुकानं अडकलेल्या आणि दुसऱ्या टोकाला दातांनी बसलेल्या असतात. कोणतं टोक हलतंय ते अंगठ्यानं दाबून बघ आणि तिथूनच उचल. टपाच्या पत्र्यावर टेकू देऊन उचललंस की पत्र्याला खोक पडलीच म्हणून समज.

टोपी निघाली की बोल्टचं डोकं. इथं घाई करू नकोस. बहुतेक ठिकाणी सहा टोकांचा स्टार असतो, बऱ्याचदा टी ३० मापाचा. सहा कोनांची ॲलन की त्यात बसल्यासारखी वाटते, फिरवली की टोकं खाऊन टाकते. स्टार असेल तर स्टारच लाव, आणि चांगल्या पोलादाचा. डोक्याच्या खळग्यात माती आणि मेण मिळून टणक खडा झालेला असतो. वरून बघशील तर खळगा मोकळा वाटतो, पण बिट घातला की निम्माच आत जातो आणि निम्म्या पकडीवर जोर दिला की खळगा गोल. सेफ्टी पिन घे, एकेक टोक उकर, फुंकर मार, जुन्या टूथब्रशनं घास. तळाचं लोखंड चमकलेलं दिसेपर्यंत उकरायचं. मग बिट घालून हातोडीनं वरून तीन-चार हलके ठोके दे. बिट पुरता बसतो आणि गंजाची पकडही थोडी हलते. दोन कामं एका ठोक्यात.

आता तेल. गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑईल आण, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. डिझेल नको. तेल फवारून उपयोग नाही. बारीक नळीनं बोल्टच्या डोक्याच्या कडेला दोन-तीन थेंब सोडायचे, म्हणजे ते दांड्याच्या भोकातून खाली आट्यांपर्यंत उतरतात. जास्त ओतलंस तर पायाखालच्या रबराला लागेल, आणि ते रबर पेट्रोलियमच्या तेलानं फुगतं. फुगलेलं रबर परत वापरात येत नाही. आदल्या रात्री एकदा, सकाळी एकदा, मधल्या काळात गाडी सावलीत. दांडा ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडाचा असेल तर जोडावर पांढरी पूड जमलेली दिसेल. दोन धातू आणि मधे पावसाचं पाणी, त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि ती पूड बोल्टला सिमेंटसारखी धरते. अशा बोल्टला एका रात्रीऐवजी दोन रात्री दे.

सोडवताना पाव इंची छोटा रॅचेट घे. लांब दांडीचा पाना नको, आणि इम्पॅक्ट गन तर अजिबात नको. तिचे ठोके गंजापर्यंत पोचायच्या आधी चाकी फिरवून मोकळे होतात. गॅरेजातल्या पोरांच्या हातात हवेची गन दिसली की तुझी गाडी तिथून बाहेर काढ, मी गमतीनं सांगत नाही. इथले मेस्त्री कानडीत 'निधान, निधान', म्हणजे हळू, हळू, म्हणतात ना, तो शब्द याच कामासाठी जन्माला आलाय.

बोल्ट पहिल्यांदा आवळायच्या दिशेनं नखभर फिरव. कट्ट असा आवाज आला की गंज तुटला. मग उलटा पाव फेरी, परत आत थोडा, परत उलटा. कुईं असा आवाज आला तर थांब, दोन थेंब तेल, दहा मिनिटं, पुन्हा. बोल्टला कारखान्यातूनच आट्यांवर डिंक लावलेला असला तर तो थंडपणी फार हट्टी असतो. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक डोक्याच्या खळग्यात दोन-तीन मिनिटं धर, डिंक मऊ पडतो. ब्लो टॉर्च नको. रंग, खालचं अस्तर, वायरी आणि एअरबॅग, सगळं वीतभर अंतरावर आहे.

चाकी फिरते आहे का हे ओळखायची युक्ती सोपी आहे. एम ६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा आटा एक मिलिमीटरचा. म्हणजे दोन फेऱ्या झाल्या की डोकं दोन मिलिमीटर वर यायलाच हवं. एम ८ असेल तर अडीच. डोक्याखाली नख लावून बघ. फेऱ्या होताहेत आणि नखाखाली फट वाढत नाही, म्हणजे चाकी बोल्टबरोबर फिरते. तिथंच थांब. आणखी चार फेऱ्या मारल्यास तर ती पत्र्यातलं भोक मोठं करते आणि मग नवी चाकीही त्यात बसत नाही. अशा वेळी दुसऱ्या माणसाला डोक्याच्या खाली पातळ चपटा स्क्रूड्रायव्हर घालून वरच्या बाजूला हलका ताण द्यायला सांग, टेकू टपावर नाही, दांड्यावर. त्या ताणानं चाकीचा पत्र्याखालचा फुगवटा पत्र्याला खालून घट्ट दाबला जातो आणि तू अगदी हळू फिरवलंस तर बहुतेक वेळा बोल्ट निघतो.

तेही नाही जमलं तर डोकं उडवायचं. आधी ३ मिलिमीटरचा ड्रिल, मग साडेचार, मग बोल्टच्या दांडीइतका, म्हणजे एम ६ ला ६. ड्रिल डोक्याच्या उंचीइतकाच आत जाऊ दे, पुढं नको. डोकं कडीसारखं निघून ड्रिलवर येतं. दांडा उचलला की उरलेला खुंट आणि चाकीची कॉलर, म्हणजे पत्र्यावर टेकलेली तिची कड, हाताशी येते. कॉलर पकडीत धरून ९ मिलिमीटरच्या ड्रिलनं कापायची. एम ६ च्या साध्या गोल रिव्हनटला पत्र्यात ९ मिलिमीटरचंच भोक लागतं, म्हणून त्याच भोकात नवी बसते. एम ८ असेल तर ११. खुंटासकट खालचा तुकडा आत पडू देऊ नकोस, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात छतावर खडखड, आणि आपल्याकडं खड्ड्यांना काही तोटा नाही. पक्कडीत धरून ठेव, नाहीतर ग्रीस लावलेल्या तारेनं ओढ. नवी चाकी मारायला रिव्हनटचं हत्यार लागतं. उद्यमबागेत पत्र्याची कामं करणाऱ्यांकडं मिळून जाईल. ड्रिलचा लोखंडी भुगा मात्र त्याच वेळी चुंबकानं आणि व्हॅक्युमनं उचल, फडक्यानं पुसू नकोस. एका पावसात त्या प्रत्येक कणाचा गंजाचा ठिपका रंगात उतरतो.

दांडा उचलायची वेळ आली की दोघं लागतात. आधी सगळे बोल्ट अर्धे-अर्धे सैल कर. एक टोक पूर्ण मोकळं आणि दुसरं आवळलेलं असं ठेवलंस तर लांब दांडा पीळ खातो आणि उरलेला बोल्ट वाकडा ओढतो. पायाखाली जागा पकडणाऱ्या बारीक पिना असतात, म्हणून सरळ वर उचल, बाजूला नाही. उन्हानं रबर रंगाला चिकटलेलं असतं, तिथं पुन्हा तोच मासेमारीचा दोरा.

बोल्ट निघतील तसे अंड्याच्या ट्रेमध्ये ठेव, प्रत्येक खणावर 'डावा पुढचा', 'डावा मधला' असं लिही. एकाच दांड्यात बोल्टांची लांबी वेगळी असू शकते. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर टोक आत टेकतं, आणि तू आवळत राहिलास की तो चाकीलाच वर उपसतो. पुढं कधी कॅरिअर परत बसवायचं झालं तर याच ट्रेमुळं डोकेदुखी वाचेल.

आता भोकं. तुझा सगळा विचार कॅरिअर उतरवण्यापाशीच थांबलेला दिसतो, आणि इथं तर कणकुंबी-जांबोटीचा पाऊस अंगणात येतो. उघडं राहिलेलं भोक म्हणजे थेट अस्तरात पाणी. भोकाच्या कडेला गंज असेल तर खरवडून प्रायमर आणि टचअप रंग दे, सुकू दे. मग त्याच आट्याचा आखूड बोल्ट, एम ६ ला १२ किंवा १६ मिलिमीटर लांबीचा, बटण डोक्याचा, खाली रबर चिकटवलेलं वायसर. वायसरच्या खाली ब्युटाइल टेपचं, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टीचं, एक कडं. सिलिकॉन वापरायचाच असेल तर न्यूट्रल सांगून घे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो पत्र्याला गंजवतो. बोल्ट पहिल्या तीन फेऱ्या बोटानं जायला हवा. नाही गेला तर आटे चुकताहेत, काढून परत लाव. आवळताना रबर कडेनं जरासं फुगलेलं दिसलं की बास. ६ न्यूटन मीटर पुरे होतात. रबर बाहेर ओघळलं म्हणजे जास्त झालं.

मग पाण्याची परीक्षा. नळी, जोर नाही, नुसती धार. खालच्या भोकापासून सुरुवात कर, प्रत्येकावर दहा मिनिटं, आत कुणीतरी बॅटरी घेऊन. वरून सुरुवात केलीस तर पाणी कुठून आलं तेच कळत नाही. डाग जिथं दिसतो तिथंच गळती असते असंही नाही. पाणी छताच्या कडेनं धावत पुढच्या खांबात उतरतं आणि पायाखालची मॅट ओली होते. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या आधी मोकळ्या करून घे, नाहीतर त्यांचा दोष बोल्टावर येतो.

दांड्याखालचा रंग गडद दिसेल, बाकीचा उन्हानं फिका पडलाय म्हणून. पॉलिशनं थोडा जुळेल, पूर्ण नाही. पायांच्या जागी गोल ठसे राहतात. ते खटकणार असतील तर आत्ताच विचार कर. दांडे टाकू नकोस, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेव, टोप्या आणि रबरं त्यातच. धाकट्याला आंबे न्यायला कॅरिअर लागणारच आहे, तुला माहीत आहे.

मृगाच्या आधी दोन रविवार आहेत. हात लावायच्या आधी डाव्या पुढच्या पायाची टोपी काढून खळग्याचा जवळून एक फोटो पाठव, स्टार आहे की ॲलन तेवढं बघून बिट मी इथून घेऊन येतो. तेलाचे पहिले थेंब शनिवारी रात्री तू सोड.

वहिनींना नमस्कार. काकांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
विलास