स्पीड टेस्ट ठीक, तरी रात्री टीव्ही अडकतो : इंटरनेट कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा (फायबर इंटरनेट)

सातारा, दिनांक २८ जुलै २०२५

विषय : रोज संध्याकाळी साडेसात ते रात्री बारा या वेळात टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण अडकणं, आणि दोष तसाच असताना तीन वेळा तक्रार बंद करणं.

महोदय,

शाहूपुरीतल्या आमच्या घरी मार्चपासून तुमचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. महिना ९९९ रुपये आणि त्यावर जीएसटी, असे वर्षाचे १४,१४६ रुपये मी एकरकमी आगाऊ भरले आहेत. तुमच्या विक्री प्रतिनिधीनं "आता केबलची गरजच नाही, सगळं नेटवर दिसेल" असं सांगितलं म्हणून जुनी केबलही काढून टाकली. तीन महिने खरोखर काही अडचण आली नाही. १४ जूनपासून मात्र संध्याकाळ झाली की टीव्हीवरचं चित्र थांबतं, मध्ये ते गोल चाक फिरत राहतं, अर्ध्या मिनिटानं चित्र चालू होतं आणि पुन्हा थांबतं. आज सहा आठवडे झाले.

हा टीव्ही आमच्या घरी कोण बघतं ते आधी सांगते, म्हणजे मी एवढं लांब पत्र का लिहिते आहे ते कळेल. माझे वडील, आबा, ८१ वर्षांचे आहेत. लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत त्यांनी बावीस वाऱ्या केल्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत आणि बोलणं जवळपास गेलं आहे. रोज रात्री आठनंतर पंढरपूरचं थेट दर्शन लावायचं, शेजारती होईपर्यंत ते बघायचं आणि मग झोपायचं, एवढाच त्यांचा दिवसातला स्वतःचा वेळ आहे. चित्र थांबलं की ते माझ्याकडे बघतात. टीव्ही मीच बंद केला असं त्यांना वाटतं. आणि मला त्यांना समजावून सांगता येत नाही.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे दोष आमच्याच घरात नाही ना, हे तपासणं मला माझं काम वाटलं. माझा भाचा नेटवर्किंगमध्ये आहे. काय आणि कसं तपासायचं हे त्यानं फोनवरून सांगितलं, मी करत गेले आणि वहीत वेळ घालून लिहीत गेले. २० जून ते २६ जुलै अशा ३७ संध्याकाळच्या नोंदी त्या वहीत आहेत. पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

राउटर बंद-चालू करणं, टीव्हीचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं, ॲप काढून पुन्हा टाकणं हे पहिल्या दोन दिवसांतच झालं. तुमच्या कॉल सेंटरनं ते मला नंतर आणखी पाच वेळा करायला लावलं. मग वायफायवर संशय घेतला. आमच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची अकरा नेटवर्क दिसतात, एकमेकांवर गर्दी आहे हे खरं. म्हणून टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर नेला. फरक पडला नाही. शेवटी पंधरा मीटरची कॅट-६ वायर आणली, भिंतीच्या कडेनं ओढली आणि टीव्ही थेट राउटरला जोडला. वायफायचा संबंधच संपला. त्या रात्री ९ वाजता चित्र तसंच अडकलं.

मग टीव्हीच बिघडला असेल का? २४ जूनला रात्री ९:२० वाजता चित्र थांबलेलं असताना तोच टीव्ही मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. मोबाइलचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे. तेच ॲप, तेच दर्शन, तीच वेळ, आणि पाऊण तास चित्र एकदाही थांबलं नाही. हा प्रयोग मी नंतर आणखी चार रात्री केला, प्रत्येक वेळी हेच झालं. म्हणजे टीव्ही चांगला, ॲप चांगलं, आणि पंढरपूरहून येणारं प्रक्षेपणही चांगलं. रोज हॉटस्पॉटवरच का बघत नाही, असं तुमच्या एका प्रतिनिधीनं मला विचारलं. वर्षाचे पैसे तुम्हाला दिले आहेत, म्हणून.

डेटाची मर्यादा ओलांडली म्हणून वेग कमी झाला असेल, हेही पाहिलं. महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा आहे, जूनमध्ये आमचा वापर ३१० जीबी होता. डीएनएस बदलून पाहिला. त्यानं काही होणार नव्हतं, कारण डीएनएसचं काम पत्ता शोधून देण्याचं, पुढे माल वाहून आणण्याचं नव्हे. तरी तुमच्या प्रतिनिधीनं सुचवलं म्हणून केलं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या ॲपमधली स्पीड टेस्ट रात्री ९ वाजतासुद्धा ९४ ते ९७ एमबीपीएस दाखवते, आणि तोच आकडा दाखवून माझी पहिली तक्रार बंद केली गेली. पण ती चाचणी कोणत्या सर्व्हरशी होते ते पडद्यावर खाली लिहिलेलं असतं : सातारा, तुमचाच सर्व्हर. म्हणजे माझ्या घरापासून तुमच्या साताऱ्यातल्या केंद्रापर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. पंढरपूरचं दर्शन काही तुमच्या साताऱ्याच्या केंद्रात साठवलेलं नाही, ते शहराच्या बाहेरून यायचं आहे. म्हणून मी फास्ट डॉट कॉमवर मोजलं. ती नेटफ्लिक्सची चाचणी आहे आणि ती त्यांच्या सर्व्हरपासून घरापर्यंतचा वेग मोजते. १ जुलैला सकाळी ६:१० वाजता ९३, दुपारी २ वाजता ८८, संध्याकाळी ७:४५ ला २१, रात्री ९:०५ ला ६ आणि १०:३० ला ४. रात्री १२:२० ला पुन्हा ८५. बाकीच्या दिवसांचे आकडे थोडे इकडेतिकडे आहेत, आकार मात्र हाच.

पिंगही घेतलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. राउटरनंतरचा पहिला टप्पा म्हणजे तुमचं साताऱ्यातलं यंत्र. तिथपर्यंत सकाळी ३ मिलिसेकंद आणि रात्रीही ३-४, एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवत नाही. गूगलच्या ८.८.८.८ या बाहेरच्या सर्व्हरपर्यंत सकाळी २० मिलिसेकंद, रात्री १९०, आणि शंभरातली आठ ते बारा पॅकेटं परत येतच नाहीत. तुमच्या तंत्रज्ञानं ३ जुलैला आमच्या फायबरचा प्रकाश मोजला, तो उणे १९.४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आला. उणे २७ पर्यंत असली यंत्रं काम करतात, म्हणजे तारही उत्तम आहे. यातून माझा निष्कर्ष असा, की साताऱ्यातून बाहेर जाणारी तुमची वाहिनी संध्याकाळी भरून जाते. ग्राहक वाढले, वाहिनी तेवढीच राहिली.

याची सगळ्यात स्पष्ट साक्ष मला १७ जुलैला मिळाली. त्या संध्याकाळी पावसात निम्म्या साताऱ्याची वीज गेली. आमच्याकडे आबांसाठी इन्व्हर्टर आहे, त्यावर राउटर आणि टीव्ही चालू होता. बाकी घरांतले राउटर बंद. रात्री ९ वाजता, रोज जेव्हा ५-६ यायचे, तेव्हा फास्टवर ९२ आले! चित्र दीड तास स्वच्छ चाललं. साडेदहाला वीज आली आणि वीस मिनिटांत चाक फिरायला लागलं.  घरातला कुठला दोष असा शेजाऱ्यांची वीज गेल्यावर बरा होतो, ते तुमच्या अभियंत्यांनी मला लेखी सांगावं.

दिवसा सगळं नीट चालतं, हेही नमूद करते. माउलींच्या पालखीचं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आबांनी याच टीव्हीवर, याच वायरीवर दुपारी पाहिलं, एक क्षण अडथळा आला नाही. त्यांचा उजवा हात जोडण्यासाठी वर गेला, डावा उठत नाही. पण आषाढी एकादशीला, ६ जुलैच्या रात्री, जेव्हा यात्रेसाठी देवाचा पलंग काढलेला असतो आणि दर्शन रात्रंदिवस सुरू असतं, तेव्हा आमच्या पडद्यावर विठ्ठलाचा अर्धा चेहरा चौकोन चौकोन होऊन गोठलेला होता. अकरा वाजता मीच टीव्ही बंद केला. या वेळी खरंच मी बंद केला.

"सिनेमे तर चालतात ना?" असं मला विचारलं गेलं. चालतात, रडतखडत. साठवलेला कार्यक्रम असेल तर ॲप पुढचे तुकडे आधीच आणून ठेवतं, वेग कमी झाला की चित्राचा दर्जा उतरवतं आणि वेळ निभावून नेतं. थेट प्रक्षेपणात पुढचा तुकडा अजून घडलेलाच नसतो. हाताशी साठा असतो काही सेकंदांचा, आणि पॅकेटं हरवायला लागली की तो लगेच संपतो. म्हणून दोष आधी थेट कार्यक्रमात दिसतो. तो फक्त तिथेच आहे असं नाही. माझ्या शेजारणीच्या मुलाचे संध्याकाळचे ऑनलाइन वर्गही याच कारणानं तुटतात. आमच्या इमारतीत तुमची चार कनेक्शनं आहेत, चौघांचीही हीच तक्रार आहे. दुसऱ्या कंपनीचं एक आहे, त्यांची नाही.

तक्रारींचं काय झालं ते आता. पहिली १८ जूनची. तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला आला, ॲपवर ९६ दाखवले, आणि म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा, म्हणजे व्हिजिट नोंदवतो." मी विश्वासानं सांगितला. पाच मिनिटांत संदेश आला, की माझ्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. दुसरी तक्रार १ जुलैची. त्या वेळी मी रात्री आठनंतर या म्हणून स्पष्ट लिहिलं होतं, माणूस दुपारी १२ ला आला. ओटीपी मी दिला नाही, तरी दोन दिवसांनी तक्रार "ग्राहक उपलब्ध नाही" म्हणून बंद झाली. अंथरुणाला खिळलेला माणूस घरात असताना आमचं घर कधीच रिकामं नसतं. तिसरी १४ जुलैची. तिच्यावर कोणी आलंच नाही. फोन आला, आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या असं सांगण्यात आलं.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. ४के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, दर्शनाच्या साध्या एचडी प्रक्षेपणाला ५. माझ्याकडे कागदावर १०० आहेत आणि रात्री पोचतात ४. गल्लीत येणारी मुख्य जलवाहिनीच बारीक असताना घरातला नळ मोठा बसवायला सांगून माझ्याकडून आणखी पैसे घेणं, हे प्रामाणिकपणाचं नाही.

तुमच्या तंत्रज्ञांवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते. भर पावसात मोटरसायकलवर येणारी ही मुलं आहेत, दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर त्यांचं मोजमाप होत असावं. त्यांच्यातला एकजण चहा घेताना मला खरं ते बोलला, "मॅडम, प्रॉब्लेम वरूनच आहे, आमच्या हातात काही नाही." कोण ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधू नका. त्याच्या हातात नाही ते ज्यांच्या हातात आहे त्यांना हे पत्र आहे.

माझं मागणं असं. तिन्ही तक्रारी पुन्हा उघडून एकत्र कराव्यात आणि त्यांचा नवा क्रमांक मला संदेशानं द्यावा. नेटवर्कची माहिती असलेल्या अभियंत्याला रात्री साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान पाठवावं, आणि साताऱ्याच्या सर्व्हरवर नव्हे, बाहेरच्या सर्व्हरवर माझ्यासमोर मोजमाप करावं. साताऱ्यातून बाहेर जाणाऱ्या वाहिनीची क्षमता कधी वाढवणार, त्याची तारीख लेखी हवी. १४ जूनपासूनच्या ४४ दिवसांचे, दिवसाला सुमारे ३९ रुपये या हिशेबानं होणारे १,७०० रुपये परत करावेत किंवा मुदत तेवढी वाढवावी. आणि हे जमणार नसेल तर तसं सरळ सांगून उरलेल्या महिन्यांचे पैसे कोणतीही कपात न करता परत द्यावेत. मी दुसरीकडे जाईन.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याचा मला हक्क आहे, त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलाचा मसुदा मी तयार ठेवला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असं तुमच्या प्रतिनिधीनं मला फोनवर ठामपणे सांगितलं. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये हा प्रश्न निकालात काढला आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात शुल्कही पडत नाही. मला तिथे जायची हौस नाही. आबांना सोडून मी तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू शकत नाही. पण गरज पडली तर शेजारीण त्यांच्याजवळ बसायला तयार आहे.

यात्रा संपल्यावरच्या प्रक्षाळपूजेनंतर पंढरपुरात शेजारती पुन्हा रोजची सुरू झाली आहे. अभियंता पाठवाल तेव्हा ओटीपी माझ्या फोनवर येईलच. तो मी आबांना शेजारती शेवटपर्यंत, न थांबता दिसल्यावर त्याच रात्री सांगेन, त्याआधी नाही.

आपली,
(सही)
निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी, सातारा

सोबत : वहीतल्या ३७ संध्याकाळच्या नोंदींचे फोटो, तिन्ही तक्रारींचे संदेश, पैसे भरल्याची पावती, इमारतीतल्या इतर तीन ग्राहकांच्या सह्यांचं निवेदन.