हबास कंटाळवाणे? मग करंडक कुणाचे?

महोदय,

आपल्या क्रीडा पानावरील स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षकांवरच्या लेखात अँटोनियो लोपेझ हबास यांची ‘बचावात्मक आणि कंटाळवाणे’ एवढ्यावर बोळवण केली आहे. शिवाय २०२४-२५च्या आय-लीग या भारतीय फुटबॉल स्पर्धेचे विजेते म्हणून चर्चिल ब्रदर्सचे नाव छापले आहे. एप्रिल २०२५मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने गोव्याच्या या क्लबला विजेते ठरवले होते, हे खरे. पण जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने निकाल फिरवला आणि विजेतेपद इंटर काशी या क्लबला मिळाले. काशीचे प्रशिक्षक होते हेच हबास, निकालाच्या वेळी वय ६८.

खेळाडू म्हणून ते सेव्हिया आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून खेळले. १९९५च्या कोपा अमेरिकेत बोलिव्हियाचे प्रशिक्षक होते. २००५मध्ये प्रशिक्षक रानिएरी यांची गच्छंती झाल्यावर व्हॅलेन्सिया या स्पॅनिश क्लबने संघ त्यांच्याच हाती दिला. असा माणूस भारतात केवळ नशिबावर टिकला, असे म्हणवत नाही.

२० डिसेंबर २०१४ रोजी मी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतो. पहिल्या आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, हबास यांचे कोलकाता विरुद्ध केरळ. नव्वद मिनिटे झाली तरी गोलफलक कोराच. शेजारचा मित्र ‘लोकल गाठू या’ म्हणत उठून पायऱ्यांपर्यंत गेला होता. भरपाई वेळेत कोलकात्याला कॉर्नर मिळाला आणि बदली म्हणून आलेल्या मोहम्मद रफीकने हेडर मारला. मित्राला गोल दिसलाच नाही, फक्त आरडाओरडा ऐकू आला. त्याला विचाराल तर तोही हबास कंटाळवाणेच म्हणेल!

त्यांचा फुटबॉल डोळ्यांचे पारणे फेडत नाही, हे मला मान्य आहे. २०१६चा त्यांच्या पुणे सिटीचा हंगाम मी बालेवाडीत बसून पाहिला आहे. संघ उपांत्य फेरीपर्यंतही गेला नाही. पुढच्या हंगामात पोपोविच यांच्या हाताखाली हाच क्लब तिथे पोहोचला, आणि खेळही जास्त देखणा होता. स्वभावही हबास यांचा तापटच. २०१४मध्ये गोव्यातील फातोर्ड्यात गोव्याकडून खेळणाऱ्या रॉबर्ट पिरेसशी झालेल्या वादापायी निलंबन ओढवून घेतले होते.

पण पुण्यात त्यांना मिळाला एकच हंगाम. २०१९मध्ये तर क्लबच गुंडाळला. तिकडे कोलकात्याने त्यांना पुन्हा बोलावले आणि मार्च २०२०मध्ये करोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या फातोर्ड्याच्या मैदानात चेन्नईयनला ३-१ हरवून ते आयएसएल दोनदा जिंकणारे पहिले प्रशिक्षक ठरले. एप्रिल २०२४मध्ये मोहन बागानला लीग शील्ड (साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाचा किताब) मिळवून दिली ती मुंबई सिटीला २-१ हरवून. मुंबईला त्या दिवशी बरोबरीही पुरली असती! तीन आठवड्यांच्या आतच त्याच मैदानावर अंतिम फेरीत मुंबईने ३-१ने उट्टे काढले, ही गोष्ट वेगळी. मुंबईकर म्हणून मला त्याचा आनंदच झाला.

लेखकांनी ‘कंटाळवाणे’ हा शब्द खुशाल ठेवावा, तो त्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे. आय-लीगच्या विजेत्याचे नाव मात्र उद्याच्या अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

— एक वाचक, नेरूळ (सध्या मुक्काम बाणेर, पुणे)