खुर्चीत बसून पाजू दिलंत, त्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

तुमची फी देऊन झाली, पण तेवढ्याने हिशेब मिटला असं काही वाटेना. म्हणून हे लिहितेय.

तुमच्याकडे येईपर्यंत लेकीच्या दातांपेक्षा माझीच तपासणी जास्त झाली होती. दीड वर्षाची पोर, वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत निस्तेज पांढरी रेघ, आणि एका दातावर तर तपकिरी खड्डा. आधीच्या एका डॉक्टरांनी तिचा ओठ नीट उचलूनही पाहिला नाही. "अजून अंगावर पिते?" एवढंच विचारलं आणि निकाल लागला. आजपासून बंद. मध्यरात्री ती रडत उठली की काय करायचं, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला आत बोलावणंही झालं होतं. दुसरीकडे गेलो तर उलटंच. "दुधाचेच दात, पडायचेच आहेत!" यातल्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, त्यांनीच चावायचं असतं आणि किडल्या की त्याही ठणकतात, हे मला तुमच्याकडून कळलं. नातेवाइकांबद्दल लिहीत नाही, पत्र लांबेल.

तुम्ही काय केलंत ते तुमच्या लक्षातही नसेल. माझ्या गुडघ्यांना तुमचे गुडघे लावून तिला आडवं घेतलंत, दात पाहिलेत. तिने दवाखाना डोक्यावर घेतला आणि सवयीने माझ्या ओढणीत हात घातला. मी तो हात धरला. दातांच्या दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांसमोर, ज्या दुधावर इतके दिवस खटला चालू होता तेच पाजायचं कसं? तुम्ही हातमोजे काढलेत, डोळ्यांवर येणारा दिवा बाजूला वळवलात आणि म्हणालात, "अहो, पाजा ना. घाबरलीय ती. मला घाई नाही." मग आमच्याकडे पाठ करून काहीतरी लिहीत बसलात. ते लिहिणं खरं होतं की आम्हाला आडोसा म्हणून, हे मी अजून ठरवतेय. बाहेर लोक ताटकळले होते. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

तिचं पिऊन झाल्यावर जे बोललात, ते मला ऐकू आलं. तेच आधीच्या दोघांनी सांगितलं असतं तरी डोक्यात शिरलं नसतं, कारण तिथे मी आरोपी होते. पहिल्या वर्षात आईचं दूध दातांच्या बाजूनेच असतं. वर्ष उलटल्यावर दात वाढतात, वरचं खाणं वाढतं, दातांवर जंतूंचा थर बसतो आणि त्यात रात्री पुनःपुन्हा पिणं सुरू राहिलं तर कीड लागण्याचा धोका वाढतो. झोपेत लाळ कमी होते, म्हणजे त्या जंतूंनी तयार केलेलं, दात झिजवणारं आम्ल धुऊन काढणारं कोणी उरत नाही. खालचे पुढचे दात जिभेआड लपतात, वरचे उघडे पडतात, म्हणून सुरुवात तिथून. सगळं इतकं साधं होतं! आणि उपाय आईला बाळापासून तोडणारा नव्हता. रात्रीचं शेवटचं खाणं झालं की फ्लोराइडची टूथपेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि ब्रश मोठ्यांच्या हातात. सकाळी पुन्हा तसंच. दिवसभर गोड चघळणं बंद, बाटलीत गोड काही नाही. रात्रीचं पिणं झेपेल तसं, हळूहळू कमी. "दूध स्वच्छ दातांवर पडू दे," एवढं तुमचं वाक्य मला पुरलं.

ब्रशच्या वेळी घरात अजूनही तमाशा होतो, हेही सांगून टाकते. एकजण धरणारा, एकजण गाणारा, आणि ती दात आवळून बसलेली. पण ब्रश होतो रोज.

तुमच्यासारखी माणसं हुशार असतात ते ठीकच, हुशार ते आधीचे दोघंही असतील. भिंतीवर मोठमोठ्या पदव्या होत्या त्यांच्या. पण समोरचा माणूस आधीच लाजेने अर्धा झालाय हे ओळखून त्याला आणखी न लाजवणं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे. खिडकीमागचा कारकून असो की बसचा कंडक्टर, असं कोणी भेटलं की दिवसभर बरं वाटतं. लेकराच्या दुखण्यात भेटलं तर काय वाटतं, ते लिहायला मला जमत नाहीये.

पांढरी रेघ पुढे सरकलेली नाही, उलट आता गुळगुळीत आणि चकचकीत लागते. दातावरचा तो खड्डा तुम्ही लावलेल्या औषधाने काळा पडलाय, अगदी तुम्ही सांगितलं होतं तसा. लोक विचारतात, "अगं बाई, हे काय झालं हिला?" मी सांगते, कीड थांबलीय. रात्री ती अजून एकदा उठते, पिते, झोपते, आणि मला आता त्याची धडकी भरत नाही.

पुढच्या तपासणीला येतोच आहोत. तुमचा तो छोटा आरसा तिला हवाय म्हणे, घरी न्यायला. नाही म्हणायचं काम तुम्हीच करा.

तुमची,
एक आई