भेरूघाट एका दमात चढला, काका

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

नाव कुठे लिहू नकोस, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून या पत्रात तुम्ही नुसते काका. पत्र मात्र मी उघड लिहितोय. आमच्या फियाटसाठी तुम्ही चार रविवार दिलेत, हे लोकांना कळायला हवं. शिवाय ज्यांच्या दारात अजून पद्मिनी, म्हणजे अशीच जुनी फियाट, उभी आहे आणि जे मे महिन्यात तिला घाटात न्यायला धजत नाहीत, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

गाडी बाबांची. आई-बाबांचा ओंकारेश्वरचा नेम तीस वर्षांचा, आणि इंदूरच्या लोकमान्य नगरातून निघून साधारण ऐंशी किलोमीटरचा तो रस्ता त्यांनी याच गाडीने केला. जाताना कधीच त्रास नव्हता. इंदूर पठारावर, नर्मदा खाली; सिमरोल सोडलं की भेरूघाटात गाडी उतरतच जाते. खरी परीक्षा परतीची. पुढे ट्रकांची रांग, आपण दुसऱ्या गिअरमध्ये, ऊन डोक्यावर, आणि तापमानाचा काटा हळूहळू लाल पट्टीकडे. गेली तीन वर्षं घाट संपला की आम्ही सावली बघून थांबायचो. बॉनेट उघडायचो, आणि गाडी पुन्हा सुरूच व्हायची नाही. आई इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या छोट्या पंपावर ओला रुमाल गुंडाळायची, ते आता तिच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की पर्समध्ये देवाच्या प्रसादाबरोबर तो जुना रुमाल असायचाच. एका गॅरेजने इंजिनाच्या हेडखालचं, म्हणजे वरच्या झाकणाखालचं, गॅसकेट बदललं, पैसे घेतले, पुढच्या खेपेला तेच. या फेब्रुवारीत बाबा म्हणाले, "विकून टाक. मला तिला रस्त्यावर अशी उभी बघवत नाही." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तुमच्याकडे मी आलो होतो तो घरच्या बोअरची जळालेली मोटर घेऊन. सियागंजच्या मागच्या गल्लीतलं तुमचं दुकान, समोर शेतकऱ्यांच्या मोटारींची रांग, तुम्ही तांब्याची तार मोजत होतात. वाइंडिंग होईपर्यंत बसलो आणि सहज गाडीचं बोललो. तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "चढताना तापते, की थांबल्यावर?"

काका, तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की काटा चढताना वाढायचा हे खरं, पण सगळ्यात वर जायचा तो इंजिन बंद केल्यावर चार-पाच मिनिटांनी. तुम्ही म्हणालात, "मग तुझ्याकडे दोन आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नकोस."

माझा मावसभाऊ मेलबर्नहून येणार होता, त्याच्याकडून मी इलेक्ट्रिक वॉटर पंप मागवायच्या विचारात होतो. तिथल्याच डेव्हिस क्रेग कंपनीचा, मिनिटाला ८० लिटर पाणी फिरवणारा, सोबत तापमान पाहून पंप चालवणारा कंट्रोलर. तुम्ही मागव म्हणालात, पण पहिला आजार बरा होईपर्यंत पेटी उघडायची नाही, अशी अट घातलीत. मला तेव्हा ते थोडं खटकलं होतं. आज त्या अटीसाठीच तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत.

कारण पेटी बंद असताना काय काय निघालं! रेडिएटरवाल्याने टाकी उघडली तर खालच्या एक तृतीयांश नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. वर्षानुवर्षं आम्ही बोअरचं पाणी ओतत होतो. सळई फिरवून घेतली. मग रेडिएटरचं झाकण. त्यावर ७ पौंडाचा आकडा होता, पण स्प्रिंग मेलेली. तुम्ही दुकानातल्या पाटीवर खडूने लिहून दाखवलंत: इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाने ७ पौंडाचा दाब धरला तर तेच पाणी ११० पर्यंत शांत राहतं. म्हणजे शंभर-दीडशे रुपयांच्या झाकणाने बारा अंश हातात दिले. इंजिनात ठिणगी पडायचं टायमिंग मागे गेलेलं होतं, ते तुमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींनी पुढे आणलं. बोअरचं पाणी कायमचं बंद, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

एवढ्यावर चढतानाचा काटा खाली आला. मार्चच्या मध्यात बाबांना न सांगता मी एकटा बडवाहपर्यंत जाऊन आलो. घाट चढलो, थांबलो, इंजिन बंद केलं, आणि काटा पुन्हा वर गेला. गाडी सुरू झाली नाही. तिथूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "छान. आता पेटी उघड."

पंप कशासाठी, हे तुम्ही ज्या पद्धतीने समजावलंत ते मी जसंच्या तसं इथे लिहून ठेवतो. पद्मिनीत पाण्याचा पंप, पंखा आणि वीज तयार करणारा डायनॅमो एकाच पट्ट्यावर. इंजिन जेवढं फिरेल तेवढाच पंप फिरणार. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना इंजिनावर ओझं सगळ्यात जास्त, आणि पाणी व वारा सगळ्यात कमी. आणि किल्ली फिरवली की पाणी जागच्या जागी उभं. हेड ॲल्युमिनियमचं, सिलिंडरच्या भिंतीतली सगळी उष्णता तिथे चढते, आणि ती घेऊन जाणारं कुणी नाही. तीच उष्णता शेजारच्या पेट्रोल पंपापर्यंत जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि मग आईचा रुमाल. "नर्मदा इंदुरात कशी येते?" तुम्ही विचारलंत. "नर्मदेकाठी जलूदला पंप बसलेत म्हणून. तुझ्या घरचा नळ उघडा असो की बंद, तिथला पंप आपल्या विजेवर चालतो. तुझ्या इंजिनाला असा पंप दे, जो इंजिनाला विचारून चालत नाही."

मग तुम्ही विजेचा हिशोब मांडलात. मी तो विचारच केला नव्हता. हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे दिवे म्हणजे नऊ अँपिअर. पंप पूर्ण जोरात सातच्या आसपास. रेडिएटरपुढे विजेचा पंखाही लावायचा होता, त्याचे आठ. ठिणगी देणाऱ्या कॉइलचे तीन-चार. रात्री घाटात हे सगळं एकदम चालू, आणि आमचा मूळचा डायनॅमो संथ इंजिनावर जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून डायनॅमोच्या जागी आधी जुन्या मारुतीचा अल्टरनेटर बसला, त्याच्या ब्रॅकेटसाठी तुम्ही स्वतः पत्रा कापलात. वाइंडिंग करून कमरेत वाकलेला माणूस, सत्तरीच्या पुढचा, आमच्या अंगणात गोणपाटावर झोपून पाना फिरवत होता. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. तुम्ही दोघं फारसं बोलत नव्हतात, पण त्या दिवसापासून बाबांनी विकायचं नाव काढलं नाही.

जुन्या पंपातली चक्री तुम्ही लेथवर काढून घेतलीत आणि बॉडी, बेअरिंग, सील तसंच ठेवलंत, म्हणजे पट्टा आणि पंखा आपल्या जागी फिरत राहतील पण आत पाण्याच्या वाटेत काही आडवं येणार नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप, काढला, कारण तापमान आता कंट्रोलर सांभाळणार. आणि थर्मोस्टॅट काढल्यावर रेडिएटरला वगळून जाणारी पाण्याची जी छोटी वाट मोकळी राहते, ती आठवणीने बुजवलीत. ती राहिली असती तर अर्धं पाणी थंड न होताच इंजिनात परतलं असतं. नवा पंप खालच्या नळीवर, जमेल तितका खाली. "पंपाला ओढायला लावू नये, त्याच्या तोंडाशी पाणी आपणहून यावं. विहिरीतल्या पंपाला आपण खाली का उतरवतो?" चाळीस वर्षं शेतांवर पंप बसवलेल्या माणसाला मोटारीचा पंप परका वाटलाच नाही, आणि मला वाटतं गाडीच्या मिस्त्रीला जे दिसलं नसतं ते तुम्हाला म्हणूनच दिसलं.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा मीटर लावलात. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या टोकाला ११.६. मी म्हणालो, चालतोय की. तुम्ही वायर ओढून काढलीत. ती बारीक होती आणि मी डॅशबोर्डच्या स्विचमधून लांबून फिरवली होती. बॅटरीजवळ रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूज, चार चौरस मिलिमीटरची तार, अर्थिंगची तार थेट बॉडी घासून. पुन्हा मीटर: १३.४. पंपाचा आवाजच बदलला. कमी व्होल्टेजवर तो फिरतो पण पाणी कमी देतो, आणि हे घाटात भर दुपारी कळलं असतं.

नंतरचा तास मी विसरणार नाही. पाणी भरलं, इंजिन चालू केलं, आणि काटा सरसर वर. मला वाटलं सगळं फसलं. तुम्ही पेचकसाची मूठ कानाला आणि टोक पंपाला लावलंत. "कोरडा ओरडतोय. हवा अडकलीय." गाडी उतारावर नाक वर करून लावायला सांगितलीत, झाकण उघडं ठेवून वरची नळी हाताने दाबत बसलात. बुडबुडे येत गेले, येत गेले, आणि मग एकदम पाण्याची पातळी खाली बसली. जवळजवळ दीड लिटर पाणी अजून मावलं. पंपाचा तीक्ष्ण आवाज जाऊन जाडसर घूं असा आवाज आला. तुम्ही पेचकस माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "हा आवाज लक्षात ठेव."

कंट्रोलर ८५ वर ठेवला. आणि तुम्ही हेडवर एक वेगळा तापमान स्विच बसवून त्याला डॅशबोर्डवर लाल दिवा आणि बझर जोडलात, कंट्रोलरशी काही संबंध नसलेला. पट्ट्यावरचा पंप बिघडायला लागला की आधी गळतो, कुरकुरतो. विजेचा पंप न सांगता थांबू शकतो. बझर वाजला की किल्ली बंद, मग गाडी कुठेही असो, हे तुम्ही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंत. असा पंप बसवणाऱ्या प्रत्येकाने हा दिवा लावावाच, असं मला मनापासून सांगायचंय.

हे जुगाड आहे का, असं माझा मुलगा विचारत होता. त्याला मी दाखवलं की २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसच्या इंजिनावर एकही पट्टा नाही, पाण्याचा पंप विजेचाच. तो तुमच्या हातचं काम पुन्हा नीट बघायला अंगणात गेला.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. लेथवाल्याचे आणि तारेचे तेवढे घेतलेत, वर हिशोबाची चिठ्ठी दिलीत. मी पाकीट पुढे केलं तर म्हणालात, "घाट चढून आल्यावर फोन कर." म्हणून ही हकीकत.

परवा सोमवारी गेलो. आई, बाबा, मी. दर्शन, घाटावर थोडं बसणं, आणि दुपारी एकला परत निघालो, मुद्दाम ऊन असताना. भेरूघाटात ट्रक होतेच. पाऊण तास दुसरा-पहिला, दुसरा-पहिला. काटा मधल्या रेषेच्या जरासा वर गेला आणि तिथेच राहिला. बाबा पुढच्या सीटवर, सगळा वेळ नजर त्याच्यावर. वर आलो तेव्हा थांबायची गरज नव्हती, तरी सिमरोलला चहाला थांबलो, कारण मला किल्ली बंद करून बघायचं होतं.

बंद केली. इंजिन गप्प झालं आणि बॉनेटखाली पंप चालूच राहिला, विजेचा पंखाही. दोन-अडीच मिनिटं. मग दोन्ही आपोआप थांबले. चहा झाला, किल्ली फिरवली, पहिल्या हाकेला सुरू. आईने पर्समधला रुमाल काढला, घडी घातली आणि चष्मा पुसला.

तेव्हाच तुम्हाला फोन केला आणि पुन्हा इंजिन बंद करून फोन पंपाजवळ धरला. तुम्ही बराच वेळ ऐकलंत. मग म्हणालात, "पंप ठीक आहे. पण मागून बारीक फुसफुस येतेय. खालच्या नळीचा क्लॅम्प बघ."

अर्धा वेढा सैल होता, काका. थंड झाल्यावर आवळला. रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन तुमच्याकडे येतोय. आई पुरणपोळ्या घेऊन येणार आहे, नको म्हणू नका. पेचकस सोबत आणतो.

आपला,
लोकमान्य नगरचा फियाटवाला